राक्षसबंधनाचे नियम आणि अर्थनिर्णयनाचा प्रश्न

अर्थनिर्णयनाच्या सैद्धान्तिक चर्चेत उदाहरणे सामान्यतः तीन क्षेत्रांतून घेतली जातात : धर्मग्रंथ, कायदा आणि ललित वाङ्मय. या तिहींच्या सीमेवर वावरणारी एक संहिता मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोवती बसून खेळावयाचा अद्भुतकथेचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र सूत्रधार होतो. कल्पित जगाचे वर्णन त्याने करावयाचे, खेळाडूंच्या पात्रांखेरीज इतर सर्व पात्रांच्या वतीने त्यानेच बोलावयाचे, आणि नियमाविषयी शंका उद्भवल्यास निवाडाही त्यानेच द्यावयाचा. सोंगट्या आणि पट असले तरी ते दुय्यम आहेत. खेळाचे खरे साहित्य म्हणजे शेकडो पानांचे नियमग्रंथ आणि त्यांतील वाक्ये होत.

या ग्रंथांतील जादूच्या मंत्रांची प्रकरणे विशेष विचारार्ह आहेत. प्रत्येक मंत्राची नोंद आटोपशीर असते : पल्ला किती, अवधी किती, साहित्य कोणते, परिणाम काय. मारक मंत्रांवरून फारसे वाद होत नाहीत. फासा पडतो, आकडा वजा होतो, राक्षस मरतो किंवा उरतो. वाद माजतात ते राक्षसाला मारण्याऐवजी कोंडणाऱ्या, बांधणाऱ्या, जखडणाऱ्या मंत्रांवरून. याचे कारण उघड आहे. मृत्यू आकड्याने ठरतो, बंधन मात्र शब्दांनी ठरते. राक्षस कोठवर हलू शकतो, कशाने सुटू शकतो, त्याला कोणी बाहेर ओढले तर काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे पाच-सहा वाक्यांतूनच काढावी लागतात. ती वाक्ये हीच पिंजऱ्याची भिंत असते, आणि वाक्यातील फट ही भिंतीतील फट ठरते.

खेळाच्या पाचव्या, म्हणजे २०१४ च्या आवृत्तीतील ‘मॅजिक सर्कल’ अर्थात जादूचे वर्तुळ हा मंत्र उदाहरणादाखल घेता येईल. (खेळाच्या क्षेत्राचे वर्णन करताना योहान हायझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’मध्ये जादूच्या वर्तुळाचा उल्लेख केला आहे, येथे मात्र वर्तुळ अक्षरशः वर्तुळ आहे.) शंभर सुवर्णमुद्रा किमतीचे पवित्र जल किंवा तेवढ्याच किमतीची चांदी व लोखंडाची भुकटी खर्ची घालून जादूगार एका मिनिटात दहा फूट त्रिज्येचा आणि वीस फूट उंचीचा स्तंभ उभा करतो. तो कोणाविरुद्ध आहे हे आधी सांगावे लागते : दिव्य जीव, महाभूतांचे जीव, परीलोकीचे जीव, नरकलोकीचे जीव किंवा प्रेतयोनीतील जीव, यांपैकी एक वा अधिक. निवडलेल्या प्रकारचा जीव स्वेच्छेने आणि जादूविरहित मार्गाने त्या स्तंभात शिरू शकत नाही. जादूने एका ठिकाणाहून दुसरीकडे प्रकट होऊन शिरू पाहील तर त्याला आधी फाशाच्या परीक्षेत उतरावे लागते. शिवाय आतील लोकांवर हल्ला करताना तो दुबळा पडतो, त्यांना मोहवू शकत नाही, भेदरवू शकत नाही, झपाटू शकत नाही. येथवर हा मंत्र संरक्षणाचा आहे. नोंदीच्या अखेरीस मात्र जादूगाराला एक मुभा दिलेली आहे. त्याने ठरविल्यास या मंत्राचे कार्य उलट दिशेने चालते. त्या प्रकारच्या जीवाला बाहेर पडण्यास प्रतिबंध होतो आणि बाहेरच्यांचे रक्षण होते.

ज्या मंत्राने राक्षस कोंडावयाचा तो असा एका वाक्यात उरकला आहे, आणि सगळी अडचण या वाक्यातच आहे. मूळ विधानात ‘स्वेच्छेने’ आणि ‘जादूविरहित मार्गाने’ अशी दोन विशेषणे होती. उलट दिशेच्या वाक्यात ती नाहीत. तेथे केवळ प्रतिबंध सांगितला आहे. मग कोंडलेल्या राक्षसाला त्याच्या साथीदाराने दोर टाकून ओढले तर तो बाहेर येतो की नाही? जादूगाराच्याच मित्राने चुकून धक्का दिला तर? एका वाचनानुसार प्रतिबंध निरपवाद आहे, तेव्हा राक्षस कोणत्याही उपायाने बाहेर येणार नाही. दुसऱ्या वाचनानुसार मूळची विशेषणे येथे गृहीत आहेत, तेव्हा राक्षस ओढला जाऊ शकतो आणि फासा अनुकूल पडल्यास जादूने निसटूही शकतो.

हा प्रश्न पूर्वमीमांसेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. एका यागाचे सर्व तपशील वेदाने सांगितलेले असतात, त्याला प्रकृती म्हणतात. दुसऱ्या यागाविषयी थोडकेच सांगितलेले असते, ती विकृती. न सांगितलेले तपशील प्रकृतीकडून विकृतीकडे आणणे म्हणजे अतिदेश. आणताना जो फेर करावा लागतो तो ऊह, आणि जे निरुपयोगी म्हणून गळते त्याचा बाध. सौर्य यागात अग्नीच्या नावाच्या जागी सूर्याचे नाव येते, हा ऊह. सोन्याच्या गुंजा शिजवावयाच्या यागात कांडण्याची क्रिया गळते, कारण सोन्याला कोंडा नसतो, हा बाध. जैमिनीच्या सूत्रांतील सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय याच विचाराला वाहिलेले आहेत. जादूच्या वर्तुळाचे उलटे रूप ही या अर्थाने विकृतीच होय. ‘उलट दिशेने चालते’ हे शब्द अतिदेशाचे आहेत. त्यांनी फक्त दिशा बदलते, बळ बदलत नाही. पुढे ‘बाहेर पडण्यास प्रतिबंध’ म्हणून जे येते तो नवा विधी नसून दिशाबदलाचा अनुवाद आहे, आधीच प्राप्त झालेल्या गोष्टीचा पुनरुच्चार आहे. तेव्हा ‘शिरणे’ याच्या जागी ‘निघणे’ असा ऊह करावा आणि दोन्ही विशेषणे कायम ठेवावीत, हे वाचन अधिक सयुक्तिक ठरते. त्याला आणखी एक आधार देता येतो. निरपवाद प्रतिबंधाचे वाचन स्वीकारले तर तेवढ्याच खर्चात, तेवढ्याच वेळात उलटे वर्तुळ सुलट्याहून कितीतरी बळकट होते. असे बळ द्यावयाचे असते तर ते ओझरत्या उपवाक्यात दिले गेले नसते.

तरीही प्रश्न संपत नाही, कारण ‘स्वेच्छेने’ हा शब्द आपली गुंतागुंत बरोबर घेऊन येतो. वर्तुळाच्या कडेला राक्षस अंग सैल सोडून उभा आहे. साथीदाराने आपल्याला ओढावे अशी त्याची उत्कट इच्छा आहे. तो ओढला जातो. हे निघणे स्वेच्छेने झाले का? इच्छा तर पूर्णपणे त्याची आहे, पण कृती त्याची नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तो क्रियेचे कर्म आहे, कर्ता नाही. नियमग्रंथात अन्यत्र, शत्रूच्या टप्प्यातून निसटणाऱ्यावर संधी साधून वार करण्याच्या नियमात, असा भेद स्पष्ट आहे : जो आपल्या हालचालीने, आपल्या कृतीने निघतो त्याच्यावर वार करता येतो, ज्याला दुसऱ्याने हलविले त्याच्यावर येत नाही. त्या नियमात इच्छेची विचारणाच नाही. तो धागा येथे आणला तर ‘स्वेच्छेने’ म्हणजे ‘स्वतःच्या कृतीने’ एवढाच अर्थ उरतो आणि ओढला गेलेला राक्षस मोकळा होतो. आणला नाही, तर सूत्रधाराला राक्षसाच्या मनात शिरून त्याची इच्छा तपासावी लागेल. आणि राक्षसाचे मन म्हणजे सूत्रधाराचेच मन.

ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. अर्थनिर्णयनाच्या प्रचलित उपपत्तींपैकी एक लेखकाच्या हेतूकडे बोट दाखविते, दुसरी वाचकसमूहाकडे. स्टॅन्ली फिश यांनी मांडलेल्या व्याख्याकारी समुदायाच्या कल्पनेनुसार संहितेचा अर्थ समुदायाच्या वाचनरीतीत असतो. या खेळात दोन्ही पक्ष संस्थेच्या रूपाने नांदत आले आहेत. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथाच्या समारोपात गायगॅक्स यांनी नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा मानला, आणि ग्रंथातील वाक्ये तोंडावर फेकणाऱ्या वकिली वृत्तीच्या खेळाडूपुढे सूत्रधाराने नमू नये असे सुचविले. त्याच काळात ‘ड्रॅगन’ मासिकात वाचकांच्या शंकांना अधिकृत उत्तरे देणारे ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदर सुरू झाले, म्हणजे अक्षराची चौकशी थांबली नाहीच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ठरावीक संज्ञा आणि साचेबंद मांडणी यांच्या बळावर संदिग्धता हटविण्याचा प्रयत्न केला. २०१४ च्या आवृत्तीने पुन्हा बोलीच्या जवळची वाक्ये पसंत केली, आणि पुढच्याच वर्षी नियमरचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांना नियमाचे लिखित रूप, अभिप्रेत रूप आणि खेळाची रंगत असे तीन निकष वेगळे करून सांगावे लागले. लेखक हयात आहे आणि उत्तरे देतो, अशी ही दुर्मीळ संहिता आहे. तथापि लेखकाच्या उत्तरानेही वाद मिटत नाहीत. उत्तर हेही वाक्यच असते.

‘फोर्सकेज’ या बलपिंजऱ्याच्या मंत्रात याचा प्रत्यय येतो. दीड हजार सुवर्णमुद्रांच्या माणकाच्या भुकटीने अदृश्य पिंजरा उभा राहतो. गजांचा असेल तर बाजू वीस फुटांपर्यंत, गजांमधले अंतर अर्धा इंच. जो पूर्णपणे आत आहे तो अडकतो, जो मावत नाही तो बाहेर ढकलला जातो, आणि अडकलेल्याला जादूविरहित मार्गाने निघता येत नाही. आता पिशाच धुक्याचे रूप घेऊन अर्ध्या इंचाच्या फटीतून निघू पाहते. धुके होणे ही जादू की नाही? भाबड्या वाचकाला यात शंकाच वाटणार नाही. परंतु ड्रॅगनच्या अग्निश्वासाविषयीच्या प्रश्नाला अधिकृत उत्तर असे आहे की, त्या जगात सगळीकडेच एक प्रकारची जादू भरून असली तरी नियमाच्या दृष्टीने जादू तीच, जिला नियम जादू म्हणतो किंवा जी मंत्रातून, मंत्रभारित वस्तूतून वा तत्सम साधनातून प्रकटते. या कसोटीने पिशाचाचे धुके जादू ठरत नाही, कारण त्याच्या नोंदीत तो शब्दच नाही. पाणिनीच्या शास्त्रात ‘वृद्धी’ म्हणजे वाढ नव्हे, काही विशिष्ट स्वर होत. तशी येथे ‘जादू’ ही पारिभाषिक संज्ञा झाली आहे. मात्र पाणिनीने संज्ञा आरंभीच सांगितली, या खेळात ती वाद झाल्यावर सांगितली गेली. फटीचे माप मग व्यर्थ होते काय? तसे नाही. त्या फटीतून बाहेरच्यांचे मंत्र आत पोचतात, एवढे तिचे प्रयोजन पुरेसे आहे. (२०२४ च्या सुधारित आवृत्तीत हा पिंजरा टिकविण्यासाठी जादूगाराला अखंड एकाग्रता राखावी लागते. पाठ बदलला आणि पूर्वी तासभर निश्चिंत राहणारा जादूगार आता एका घावाने पिंजरा गमावू शकतो.)

बंधनमंत्रांतील सर्वांत समृद्ध संहिता ‘प्लॅनर बाइंडिंग’ ही म्हणावी लागेल. परलोकीच्या जीवाला चोवीस तास सेवेला जखडणारा हा मंत्र म्हणावयास एक तास लागतो, आणि तो संपूर्ण तास तो जीव मंत्राच्या पल्ल्यात असावा लागतो. नोंदीतच सांगितले आहे की सामान्यतः जीवाला प्रथम उलट्या वर्तुळाच्या मध्यभागी बोलावतात, म्हणजे मंत्र पुरा होईपर्यंत तो अडकून राहतो. सल्ला चांगला आहे. परंतु वर्तुळाचा मूळ अवधीही एकच तास. वर्तुळ आधी आखावयाचे, मग जीवाला बोलवावयाचे, त्यात आणखी एक मिनिट जाणार, मग तासाचा मंत्र. म्हणजे मंत्र पुरा होण्याच्या मिनिटभर आधी वर्तुळ विरते आणि खवळलेला जीव जादूगारासमोर मोकळा उभा राहतो. वर्तुळ वरच्या पातळीची शक्ती खर्चून आखले तर अवधी वाढतो आणि अडचण टळते, पण नोंदीत हे बजावलेले नाही.

महाभूताच्या जीवाला बोलावण्याच्या २०१४ च्या मंत्राची गाठ याहून घट्ट आहे. त्या मंत्राला एकाग्रता लागते. बंधनमंत्र तासभर म्हणावयाचा तर तीच एकाग्रता तिकडे द्यावी लागते, आणि पहिली सुटताच तो जीव शत्रू होतो. तोही बोलावल्यापासून बरोबर एका तासाने नाहीसा होणार. बंधनमंत्राला प्रारंभ त्यानंतरच्या पाळीत, म्हणजे फार लवकर झाला तरी खेळातील सहा सेकंदांनी. अक्षराला चिकटणाऱ्या वाचकाच्या हिशेबाने जीव सहा सेकंद आधी नाहीसा होतो आणि हजार मुद्रांचे रत्न हातात धरून जादूगार रिकाम्या वर्तुळाकडे पाहत राहतो. यशाला कपिलाषष्ठीचा योगही पुरेसा नाही. येथे हेतुवादी म्हणेल की बंधनमंत्रातच बोलावलेल्या जीवाचा अवधी वाढतो असे वचन आहे, ते निरर्थक ठरविणारे वाचन त्याज्य होय. युक्तिवाद मीमांसकालाही मान्य होण्याजोगा आहे, पण येथे तो लागू पडत नाही. जीवाला आणण्याचे इतर मार्ग आहेत, त्या वचनाला तेथे वाव मिळतो, म्हणून ते निरर्थक होत नाही. अक्षराचे वाचन कठोर आहे, चुकीचे नाही. २०२४ च्या आवृत्तीत बोलावण्याचा तो मंत्रच आमूलाग्र बदलला आणि प्रश्न न सुटताच नाहीसा झाला.

तथापि या मंत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या उत्तरार्धात आहे. बांधलेला जीव आज्ञेचे अक्षर पाळतो, परंतु तो वैरी असेल तर शब्दांना पीळ देऊन स्वतःचा हेतू साधू पाहतो, असे नियमच सांगतो. अर्थाचा विपर्यास येथे दोष नसून विहित आचरण आहे. कावळ्यांपासून दही राखण्यास सांगितलेला नोकर कुत्र्यालाही हाकलतो, कारण ‘कावळे’ हे दही नासणाऱ्या सगळ्यांचे उपलक्षण आहे हे त्याला कळते. बांधलेला राक्षस कुत्र्याला वाट करून देईल. ‘कोणालाही आत येऊ देऊ नकोस’ असे सांगून बाहेर गेलेल्या जादूगाराला परतल्यावर स्वतःच्याच घराचे दार बंद मिळेल. ध्यानी घ्यावयाचे ते असे की, राक्षसाला लक्षणार्थ कळत नाही असे नव्हे. वक्त्याचे तात्पर्य नेमके कळल्याशिवाय त्याला नेमकी बगल देता येत नाही. वाच्यार्थाला चिकटून राहणे हे अडाण्याचे वाचन समजले जाते; येथे ते सर्वांत जाणत्या वाचकाचे वाचन आहे. हिरण्यकशिपूच्या कथेत हेच कौशल्य देवाच्या बाजूला आहे. त्याने वर मागताना एकेक पर्याय मिटवीत नेला, आणि संध्याकाळ, उंबरठा, मांडी व नखे या जागा मोकळ्या राहिल्या.

परंतु हिरण्यकशिपूने वर मागितला एकाकडे आणि वध केला दुसऱ्याने. खेळात ही माणसे वेगळी नाहीत. वर्तुळातील राक्षसाच्या वतीने आज्ञेला पीळ देणारा आणि तो पीळ नियमात बसतो की नाही हे ठरविणारा एकच सूत्रधार असतो. न्यायाधीशाने आरोपीचे वकीलपत्र घ्यावे तसा हा प्रकार आहे. हेतुवाद आणि समुदायवाद यांना हे स्थान दिसत नाही, कारण दोन्ही उपपत्ती वाचकाला संहितेबाहेर उभा करतात. मीमांसा पुष्कळ पुढे जाते. तिचे वाचन कृतीसाठी असते आणि कर्त्याच्या हेतूवाचून ते चालते. पण वेदवाक्याने बांधला गेलेला कोणी ते वाक्य स्वतःच्या सुटकेसाठी वाचीत बसलेला नसतो. तिसऱ्या आवृत्तीतील आत्मा मण्यात कोंडणाऱ्या मंत्राच्या एका रीतीत तर बळीला वाचण्याची संधीच ठेवलेली नाही. त्याचे नाव आणि मंत्राचा अंतिम शब्द कोरलेली वस्तू त्याने उचलली वा स्वीकारली की तो मण्यात गेलाच. फासा नाही, प्रतिकार नाही. तेथे संमतीचा प्रश्न ‘उचलणे’ हा शब्द ‘स्वीकारणे’ याच्या शेजारी ठेवून मिटवून टाकला आहे.

तेव्हा सूत्रधाराचे वाचन प्रामाणिक आहे की नाही हे केवळ त्याच्या आशयावरून ठरत नाही; ते कधी सांगितले गेले यावरही ठरते. मीमांसकाचा निर्णय यागाच्या आधीचा असतो. विशेषणे उलट्या वर्तुळाला लागू आहेत की नाहीत, ओढलेला राक्षस निघतो की नाही, हे जादूगाराने वर्तुळ आखण्यापूर्वी सांगितले तर तो नियमाचा अर्थ होतो. दोर ताणल्यावर सांगितले तर तेच वाक्य राक्षसाची चाल होते. वर्तुळाचा अवधी मिनिटभर तोकडा पडतो हेही तसेच. ही फट राक्षसाला दिसावी, यात गैर काहीच नाही. पण मंत्रविद्येत आयुष्य घालविलेल्या जादूगाराला ती त्याहून आधी दिसली असती, आणि त्याची भूमिका करणारा खेळाडू कदाचित आज प्रथमच हे पान वाचत असतो. अनुभवी सूत्रधार म्हणूनच राक्षसाच्या तोंडून बोलण्याआधी काही क्षण ग्रंथाच्या वतीने बोलतात, आणि तेही चांदीची भुकटी जमिनीवर पडण्यापूर्वी.